ट्रेलरवरचे काळे ओघळ आणि ऑक्सिडेशन: घासायचं कशाला आणि कशाला नाही

सहलीहून ट्रेलर परत आला की त्याची रया गेलेली असते. भिंतींवर काळे ओघळ, पुढचा भाग भुरकट, पांढऱ्याचा पिवळट झालेला. लांबून सगळं एकाच रांगेतलं वाटतं, म्हणून माणूस बादली-ब्रश घेतो आणि सगळीकडे सारख्याच जोराने घासायला लागतो. पण इथे दोन वेगळी प्रकरणं असतात. काळे ओघळ म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ. भुरकटपणा बहुतेक वेळा ऑक्सिडेशनचा असतो, म्हणजे उन्हाने खुद्द पृष्ठभागाचाच वरचा थर मरून गेलेला असतो. मळ धुऊन जातो. ऑक्सिडेशन धुऊन जात नाही, कारण तिथे धुण्यासारखं वर काही नसतंच.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप किंवा मोठ्या एसयूव्हीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही आता तो दिसतो. ऑफिसच्या पार्किंगमध्ये ‘यंदा यलोस्टोन की स्मोकीज’ अशी राष्ट्रीय उद्यानांची चर्चा चालते, पण परत आल्यावरच्या धुलाईचा विषय निघाला की सगळ्यांना अचानक मीटिंग आठवते. त्यात बऱ्याच वसाहतींचे नियम असे की ट्रेलर दारात दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो स्टोरेजच्या पटांगणात वर्षभर उन्हात उभा, आणि तिथे पाण्याचा नळ असेलच असं नाही. मळ आणि ऑक्सिडेशन यांची गल्लत होते ती इथेच. दोघांनाही मुबलक वेळ मिळतो.

आधी ओघळांचं पाहू. ट्रेलरचं छत तीन मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच, त्यामुळे तिथे काय साचलंय ते खालून दिसत नाही. धूळ, शेकोटीची काजळी, झाडांचा चीक, शेवाळ, पक्ष्यांची घाण. आमच्या नॉर्थ कॅरोलायनात मार्च-एप्रिलमध्ये पाइनचे पिवळे परागकण सगळ्यावर हळदीसारखे पसरतात, तेही त्यात मिसळतात. मग पाऊस पडतो. पाऊस नसला तरी पहाटेचं दव पुरतं. हे सगळं मिश्रण छताच्या कडेच्या पन्हळीतून निघतं आणि पन्हळीचं टोक, खिडकीचा खालचा कोपरा, वरचे छोटे दिवे, ऑनिंगची, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराची, पट्टी अशा जागांवरून थेंबाथेंबाने भिंतीवर उतरतं. ताजं असताना ते गाडीच्या साध्या शाम्पूने निघतं. पण दोन-तीन महिने ऊन खाल्लं की ते भिंतीला धरून बसतं. भिंतीवर वॅक्स नसेल तर आणखी घट्ट.

ओळखायची पहिली खूण इथेच आहे. ओघळाला उगम असतो. बोटाने त्याच्या मागे वर वर जा. कुठल्या तरी कोपऱ्याशी, स्क्रूशी, दिव्याशी तो जाऊन थांबतो. ऑक्सिडेशनला उगम नसतो. ते उन्हाच्या मागे जातं. ट्रेलर जसा उभा असतो तशी त्याची दक्षिणेकडची किंवा पश्चिमेकडची बाजू आधी जाते. पुढच्या गोलसर भागाचा वरचा अर्धा जातो आणि खालचा अर्धा बरा राहतो. ऑनिंगच्या दांड्याच्या मागे, सुट्या चाकाच्या आवरणाखाली जिथे ऊन पोचत नाही, तिथे मूळचा रंग आणि चकाकी तशीच असते. तो एक तुकडा पाहिला की बाकीच्या भिंतीचं काय झालंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे होतं कसं? बऱ्याच ट्रेलरच्या भिंती आणि पुढचा भाग फायबरग्लासचा असतो आणि त्यावर जेलकोट नावाचा रंगीत रेझिनचा थर असतो. उन्हातले अतिनील किरण त्या रेझिनचे बंध तोडत जातात. रेझिन गेलं की त्याने धरून ठेवलेले रंगाचे कण मोकळे पडतात आणि वर भुकटीसारखे राहतात. गुळगुळीत पृष्ठभाग खडबडीत झाला की प्रकाश सरळ परत न येता चारी दिशांना विखुरतो, आणि आपल्याला तो भाग निस्तेज दिसतो. जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीला टेकलं की शर्टाच्या पाठीवर पांढरं उमटायचं, ते आठवत असेल. तोच हा प्रकार. गडद रंगावर तो जास्त डोळ्यांत भरतो: लाल गुलाबी होतो, काळा राखाडी.

शंका राहिली तर दोन परीक्षा पुरतात. जागा आधी साबणाने धुऊन पूर्ण वाळू द्यायची, मग एखाद्या जुन्या काळ्या टी-शर्टने कोरडीच घासायची. कापडावर पांढरी भुकटी आली तर ऑक्सिडेशन. भुकटी नाही आणि डाग जिथल्या तिथे, तर तो चिकटलेला मळ. दुसरी परीक्षा पाण्याची. भुरकट जागेवर पाणी मारा. ओली असताना ती नव्यासारखी चकाकली आणि वाळताच पुन्हा मेली, तर ऑक्सिडेशनच. पाणी त्या खडबडीत खळग्यांत भरतं आणि तेवढ्यापुरता पृष्ठभाग गुळगुळीत करतं, एवढीच त्यातली जादू. ‘अरे, काल संध्याकाळी धुतला तेव्हा चकाचक झाला होता, आणि सकाळी बघतो तर परत भुरकट! रात्रीत एवढी धूळ कुठून आली?’ हा प्रश्न स्टोरेजच्या पटांगणात नेहमी ऐकू येतो. धूळ आलेलीच नसते.

टेक्सस-ॲरिझोनाकडच्यांना आणखी एक डाग छळतो. तिकडचं पाणी क्षारयुक्त, त्यामुळे वाळल्यावर पांढरे गोल ठिपके राहतात. हे ना ओघळ, ना ऑक्सिडेशन. पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसून लगेच स्वच्छ पाण्याने धुतलं की जातात.

खरी गंमत पांढऱ्या ओघळांची आहे. काही ट्रेलरच्या भिंतींवर काळ्याबरोबर पांढरे ओघळही असतात. ते पाहून लोक म्हणतात, भिंत ऑक्सिडाइझ झाली. झालेलं असतं छत. पुष्कळ ट्रेलरचं छत ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या चादरीचं असतं, आणि ते रबर उन्हाने वरून खडूसारखं झडत राहतं. तो त्याचा स्वभावच आहे. ती भुकटी पावसाबरोबर भिंतीवर येते. म्हणजे एकच पांढरी भुकटी छतावर ऑक्सिडेशन आणि भिंतीवर निव्वळ मळ! भिंतीला कंपाउंड, म्हणजे घासून वरचा थर काढणारी पेस्ट, लावून काही उपयोग नाही. भिंत धुवायची आणि छताकडे लक्ष द्यायचं. टीपीओ आणि पीव्हीसी या दुसऱ्या प्रकारच्या छतांवर हा त्रास पुष्कळ कमी. कुठलं छत आहे ते ट्रेलरच्या कागदपत्रांत पाहावं, कारण ईपीडीएमला पेट्रोलियमजन्य सॉल्व्हंट आणि लिंबूवर्गीय सालींच्या तेलाचे क्लीनर चालत नाहीत, रबर फुगतं. सौम्य साबण, मऊ ब्रश, बस. वरून पांढऱ्या दिसणाऱ्या या चादरीचा खालचा थर बहुधा काळा असतो. घासताना तो डोकावू लागला तर ब्रश खाली ठेवा, तिथे साफसफाईचं काम संपलेलं असतं.

आता धुणं. सुरुवात छतापासूनच, पण त्याआधी चारही भिंती पाण्याने भिजवून घ्यायच्या आणि वर काम चालू असेतो ओल्या ठेवायच्या. नाहीतर छताची सगळी घाण कोरड्या भिंतीवर उतरून तिथेच वाळते, आणि आपण स्वतःच्या हाताने नवे ओघळ तयार करतो. भिंत तापलेली नको. सकाळी लवकर किंवा सावलीत. रोजच्या मळाला गाडीचा शाम्पू आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरे. ओघळांसाठीचा तीव्र क्लीनर वापरायचा असेल तर तो खालून वर लावत जायचा आणि धुताना वरून खाली यायचं. वरून लावला तर त्याचे थेंब खालच्या कोरड्या मळातून वाट काढत उतरतात, आणि त्या वाटा शेवटपर्यंत दिसत राहतात. ओघळ घालवणारे क्लीनर वॅक्सही सोबत घेऊन जातात, म्हणून तेवढ्या पट्ट्यावर त्याच दिवशी वॅक्सचा हात फिरवावा. तो न फिरवणारा माणूस पुढच्या महिन्यात त्याच जागी पुन्हा उभा असतो.

प्रेशर वॉशरबद्दल माझं मत फार चांगलं नाही. भिंतीवर दुरून, रुंद फवाऱ्याने चालेल. पण छताच्या सांधे बुजवणाऱ्या सीलंटवर, खिडक्यांच्या कडांवर, स्टिकरांच्या कोपऱ्यांवर तो मारला की मळ राहतो बाजूला आणि पाणी आत शिरतं. फ्रिजच्या आणि फर्नेसच्या जाळीत तर साध्या नळीनेही थेट पाणी मारू नये. आणखी एक: साबणाचं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडू नका. ते पाणी प्रक्रियेविना ओढ्यात जातं, आणि अनेक शहरांत त्याला मनाई आहे. शक्य असेल तर ट्रेलर गवतावर उभा करून धुवावा.

मळातही एक मळ थांबत नाही. फ्लोरिडा आणि गल्फच्या किनाऱ्याने मे किंवा सप्टेंबरमध्ये जाऊन आलात तर ट्रेलरच्या नाकावर लव्हबग नावाचे किडे शेकड्याने चिकटलेले असतात. ते उन्हात कुजताना आम्लधर्मी होतात आणि रंग खातात. ओघळ रविवारपर्यंत थांबतील, हे थांबणार नाहीत. ओला टॉवेल पाच-दहा मिनिटं त्यांच्यावर टाकून ठेवावा, मऊ पडले की पुसावेत. खरवडायचं नाही.

खरवडण्यावरून मेलामाइनचा पांढरा स्पंज आठवला. भिंतीवरचे पेन्सिलचे डाग काढतो तो. ओघळ त्याने झटक्यात जातात, म्हणून तो फार लोकप्रिय आहे. पण तो साबणासारखं काम करत नाही, बारीक पॉलिशपेपरसारखं करतो. जिथे तो फिरतो तिथे मळाबरोबर चकाकीही जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात नेमके तेच पट्टे आधी भुरकटतात. मळावर उपाय म्हणून ऑक्सिडेशनला आमंत्रण द्यायचं हे उत्तम साधन आहे.

ऑक्सिडेशनचा उपाय उलट्या दिशेने जातो. तिथे काहीतरी काढून टाकायचंच असतं: मेलेला थर. आधी धुवायचं, आणि इथे भांड्यांचा साबण चालतो, कारण जुनं वॅक्स जायलाच हवं. मग हलकं असेल तर क्लीनर-वॅक्सने भागतं. जास्त असेल तर रबिंग कंपाउंड आणि ड्युअल ॲक्शन पॉलिशर, म्हणजे पॅडने घासणारं मशीन. बोटींचा बाहेरचा थरही जेलकोटचाच असतो, म्हणून बोटींसाठीचं कंपाउंड इथे उत्तम चालतं. आधी मागच्या बाजूला एका कोपऱ्यात करून पाहावं. एका वेळी साधारण दोन फूट बाय दोन फूट, मशीन सतत फिरतं ठेवायचं, एका जागी रेंगाळलं की पृष्ठभाग तापतो. काही मिनिटांत पॅड पांढरंफटक होतं. तो मळ नाही, तुमच्या ट्रेलरची कातडी आहे. पॅड वरचेवर साफ करत पुढे जायचं.

म्हणूनच हे काम दर सहलीनंतर करायचं नसतं. बोटींवरचा जेलकोट सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. ट्रेलरच्या भिंतींवर तो बहुधा त्याहून पातळ, आणि दर खेपेला त्यातला थोडा कमी होतो. कंपाउंडनंतर पॉलिश, पॉलिशनंतर वॅक्स किंवा त्याच्यासारखाच संरक्षक लेप देणारं सीलंट (छताच्या सांध्यांचं नव्हे), आणि मग दर सहा महिन्यांनी फक्त वॅक्स. वॅक्स ऊन रोखतं थोडं, पण आधी स्वतः झिजतं, हा त्याचा मोठा गुण. पन्हळीसारख्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या भिंती असतील तर कंपाउंड जपून: तिथे जेलकोट नाही, पातळ रंग आहे, आणि पत्रा दिसायला वेळ लागत नाही. स्टिकरांवर आधी मास्किंग टेप लावा. तडकलेला, सुकलेला स्टिकर कशानेच तरुण होत नाही.

एक आडवाटही आहे: फरशीचं ॲक्रिलिक पॉलिश. अमेरिकेत पुष्कळ लोक भुरकट ट्रेलरवर ते चार-पाच पातळ हातांनी लावतात, आणि दिसतंही झकास. ते पाण्यासारखंच खळगे भरतं, फक्त वाळून उडून जात नाही. भुकटी आधी नीट काढली नसेल तर मात्र ते कालांतराने पिवळं पडतं, पापुद्रे सुटतात, आणि मग ते उतरवणं हे मूळच्या कामापेक्षा मोठं काम होऊन बसतं.

जुना ट्रेलर विकत घेणाऱ्यांना यातून एक गोष्ट उपयोगी पडेल. विकणारे भले लोक असतात, पाहुणे येणार म्हणून ट्रेलर तासभर आधी धुऊन ठेवतात, आणि ओल्या अंगावर सगळंच देखणं दिसतं. आदल्या दिवशीच सांगा, ‘धुऊ नका, आहे तसा दाखवा.’ ओघळांना घाबरू नका, ते एका दुपारचं काम आहे. पोचलात आणि ट्रेलर ओला निघालाच, तर उन्हाकडची बाजू आणि पुढच्या भागाचा वरचा अर्धा टॉवेलने कोरडा करा, तेवढ्यात शिडी मागून घेऊन छत बघून या, आणि खाली आल्यावर त्या जागेवरून काळं कापड फिरवा. पांढरं आलं तर किंमत ठरवताना पॉलिशर, कंपाउंड आणि दोन सुट्यांचे दिवस वजा करायला हरकत नाही.