ईमेलचा विलंब आणि क्रमभंग

ईमेल पाठवताक्षणी पोहोचेल किंवा पाठवलेल्या क्रमानेच पोहोचेल, अशी हमी ईमेलच्या व्यवस्थेत कुठेच नाही. १९८२ पासून रुळलेल्या एसएमटीपी या नियमसंचानुसार वाटेतला प्रत्येक सर्व्हर ईमेल आधी आपल्या रांगेत साठवतो आणि मग पुढच्या सर्व्हरकडे सोपवतो.

समोरच्या सर्व्हरने ५ ने सुरू होणारा कोड दिला, तर नकार कायमचा असतो आणि ईमेल परत येतो. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’. बहुतेक विलंबाचे मूळ इथेच असते. पुन्हा प्रयत्न करण्याआधी निदान ३० मिनिटे थांबावे आणि ४-५ दिवस तरी प्रयत्न सोडू नयेत, अशी नियमसंचाची शिफारस आहे. पोस्टफिक्स या ईमेल-सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ सेटिंगनुसार हे अंतर ५ मिनिटांपासून वाढत ४,००० सेकंदांपर्यंत जाते. त्यामुळे समोरचा सर्व्हर दहा मिनिटांत सुरू झाला, तरी ईमेल आपली पुढची पाळी येईपर्यंत पडून राहतो.

ग्रेलिस्टिंग या स्पॅम रोखण्याच्या उपायात हा तात्पुरता नकार मुद्दाम दिला जातो. अनोळखी आयपी पत्ता, प्रेषक आणि प्राप्तकर्ता ही तिकडी पहिल्यांदा दिसली की ४५० किंवा ४५१ कोड देऊन परत पाठवायचे. स्पॅम पाठवणारे बरेचदा पुन्हा येत नाहीत. पण दहा मिनिटांत बाद होणाऱ्या लॉगिन कोडसाठी हा उपाय घातकच. त्यात मोठ्या सेवेने दुसऱ्या प्रयत्नाला वेगळा आयपी पत्ता वापरला, तर तिकडी नवी ठरते आणि वाट पाहणे पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्येक ईमेलचा प्रवास स्वतंत्र असल्याने पहिला रांगेत किंवा व्हायरस-तपासणीत अडकून मागून पाठवलेला आधी पोहोचू शकतो. इनबॉक्सची मांडणी ‘डेट’ या ओळीनुसार असेल, तर आणखी घोळ होतो. ती वेळ सहसा पाठवणाऱ्याच्या यंत्राची असते. तिथले घड्याळ मागे असेल, तर नवा ईमेल जुन्यांच्या खाली जाऊन बसतो आणि आलाच नाही असे वाटते.

विलंब नेमका कुठे झाला, हे शोधण्यासाठी ईमेलचे पूर्ण हेडर (मजकुराआधीची तांत्रिक नोंद) उघडून ‘रिसीव्ह्ड’च्या ओळी खालून वर वाचाव्यात, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर जोडतो. एका ओळीत १०:०२:११ +०२०० आणि तिच्या वरच्या ओळीत ०८:२१:४० +०००० असेल, तर (+०२०० म्हणजे जागतिक वेळेच्या दोन तास पुढे, म्हणून पहिली वेळ ०८:०२:११) त्या टप्प्यात १९ मिनिटे २९ सेकंद गेले. फरक उणे आला, तर एखाद्या सर्व्हरचे घड्याळ चुकलेले आहे. खालच्या ओळी बनावट असू शकतात; आपल्या सर्व्हरने जोडलेल्या ओळींवरच भरवसा ठेवावा.