आल्बूर कागदावर कसा आला

आल्बूर म्हणजे मेक्सिकोतली चावट, द्व्यर्थी शब्दांची जुगलबंदी. अशा बोलीचा जुना लेखी पुरावा तिच्यावर बंदी घालणाऱ्यांनीच जपला. 1766 मध्ये वेराक्रूझ बंदरात चुचुम्बे या गाण्या-नाचाविरुद्ध इन्क्विझिशनकडे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाकडे, तक्रार झाली आणि कडवी पुरावा म्हणून उतरवली गेली. झगा वर करून कोपऱ्यावर उभा राहिलेला त्यातला फ्रायर, म्हणजे ख्रिस्ती भिक्षू, आजही वाचायला मिळतो, तो या दप्तरामुळेच. पुढे स्वस्त छापील पत्रकं आली, मेक्सिकन क्रांतीनंतर कार्पा म्हणजे तंबूतले खेळ रंगले. तिथलं बरंचसं जागच्या जागी सुचलेलं, त्यामुळे हवेतच विरलं.

विसाव्या शतकात नोंदीआधी निदान झालं. 1934 मध्ये एका तत्त्वचिंतकाने शहरी गरिबाच्या, म्हणजे पेलादोच्या, शिवराळ बोलण्याला न्यूनगंडाचं लक्षण ठरवलं. 1950 मध्ये एका कवीने आल्बूरला लैंगिक आक्रमणाने भरलेलं शब्दयुद्ध म्हटलं: ज्याला उत्तर सुचत नाही तो हरतो. वर्णन अचूक होतं. पण दोन्ही विवेचनांत बोलणारा माणूस आजारी, जखमी असाच दिसतो. मिरची, अंडी, रताळं अशा बाजारातल्या शब्दांवर क्षणात डाव उलटवण्यातलं कसब बाजूलाच राहिलं.

म्हणून 1960 चा ‘पिकार्दिया मेहिकाना’ हा संग्रह महत्त्वाचा. शौचालयांच्या भिंतींवरचं लिखाण, ट्रकांवरच्या ओळी, दारूच्या गुत्त्यांची नावं आणि आल्बूर हे सगळं त्यात एकत्र छापलं गेलं. सभ्य घरांत असलं काही छापील दिसत नसे, तरी पुढे त्याच्या शंभरावर आवृत्त्या निघाल्या. वाद आहे तो निवडीचा. काहींच्या मते ही लोकसाहित्याची रीतसर नोंद नव्हे, नुसता करमणुकीचा ऐवज. मला हा आक्षेप कोता वाटतो. कोणीतरी टिपून ठेवलं नसतं तर रंगाच्या एका हातात त्या भिंती गप्प झाल्या असत्या. खरी अडचण वेगळी आहे. गुत्ते आणि पुरुषांच्या मुताऱ्या हेच मुख्य खाणकाम असेल तर आल्बूर पुरुषांचाच, हा समज पक्का होतो. शिवाय भिंतीवरच्या ओळीला समोर कोणी प्रतिस्पर्धी नसतो, आणि हा खेळ तर उत्तरावर जगतो.

1950 मध्ये निदान करणारा तोच कवी 1960 च्या दशकात दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता. ‘पिकार्दिया मेहिकाना’च्याच संग्राहकाच्या पुढच्या खंडाला प्रस्तावना लिहायला बसला आणि 1969 मध्ये त्याचं स्वतंत्र पुस्तकच झालं. त्यात मेक्सिकन चावटपणाच्या चर्चेत भारतीय तंत्रमार्गही येतो. आता सूर बराच मोकळा होता.

आल्बूर पुरुषांचाच, या समजाला खरा धक्का दिला मेक्सिको सिटीतल्या तेपितो या बाजारवस्तीने. तिथे लहान मुलांचे कपडे विकणारी एक बाई स्पर्धांमध्ये भल्याभल्या पुरुषांना निरुत्तर करू लागली आणि ‘आल्बूरची राणी’ म्हणून ओळखली गेली. वस्तीतल्या कलादालनात तिने आल्बूरचे वर्ग घेतले. ऐकणं, शब्द जोडून-तोडून पाहणं आणि शिवी न देता मात करणं यावर तिचा भर असे. 2019 मध्ये ती गेली. कॅमेऱ्यासमोर झालेल्या तिच्या कितीतरी झुंजी शिल्लक आहेत, आणि त्यांत तिच्या ओळीइतकाच समोरच्याचा अडखळलेला श्वासही ऐकू येतो.