रोबोट बाजूला कधी ठेवायचा?

बऱ्याच स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना रोबोट आवडतो, कारण तो रोज एकसारखा वागतो. माणसाचा चेहरा क्षणोक्षणी बदलतो, आवाज चढतो-उतरतो. ‘नाओ’ हा जेमतेम ५८ सेंटिमीटर उंचीचा रोबोट मात्र पन्नासाव्या वेळीही त्याच सुरात नमस्कार करतो. कल्पना तशी जुनीच. १९७६ मध्ये एडिनबरा विद्यापीठात एका स्वमग्न मुलाला लोगो या संगणकाच्या भाषेवर चालणारं यांत्रिक कासव चालवायला दिलं, आणि तो आपणहून मोठ्यांशी संवाद साधू लागला.

गोव्यात सरकारी योजनेमुळे कोडिंग आणि रोबोटिक्स सहावी ते आठवीच्या वर्गांत पोचलंय. सेन्सर, मोटर हे शब्द शिक्षकांना आता परके नाहीत. पण स्वमग्न मुलांच्या उपचारात रोबोट वापरून मदत करायची तर वेगळंच काहीतरी शिकावं लागतं.

समजा, रोबोटने हात उचलून चेंडू दाखवला. मूल हाताकडे बघतं. इथे आपल्या तोंडून हमखास निघतं, ‘बघ, बघ, बॉल!’ नेमकं तेच टाळायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. मूल चेंडूकडे बघतं आणि मग, नशीब असेल तर, बाईंकडे. याच नजरेची वाट बघायची असते, आणि ती क्षणभरच टिकते. आणि बहुतेक वेळा रोबोट टॅबवरून बाईच चालवत असतात, म्हणजे त्यांचे डोळे तेव्हा पडद्यावर! म्हणून माझ्या मते प्रशिक्षणात जोडीने काम हवं: एकाने टॅब सांभाळायचा, दुसऱ्याने मूल.

शिवाय सगळं चित्रित करून पुन्हा बघायचं. याचा धडा गोव्यातच आहे. गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांना मुलाशी खेळतानाचे त्यांचेच व्हिडिओ दाखवले. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, मुलंही जास्त वेळा आपणहून पुढाकार घेऊ लागली. रोबोट नव्हता, साधा कॅमेरा पुरला.

भाषेचं काय? घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि रोबोट बोलणार इंग्रजी, हा घोळ नको. बाईंनी आपलाच आवाज रेकॉर्ड करून त्यात घालावा.

येल विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात १२ स्वमग्न मुलांनी महिनाभर घरी, पालकांसोबत, रोज अर्धा तास रोबोटबरोबर खेळ खेळले. रोबोट समोर नसतानाही मोठ्यांकडे लक्ष देण्यात सुधारणा दिसली. तेव्हा रोबोट काढून घ्यायचा आराखडा पहिल्याच दिवशी लिहावा: आधी चेंडू रोबोट दाखवेल, मग रोबोट आणि बाई आळीपाळीने, मग फक्त बाई, आणि शेवटी शेजारच्या बाकावरचं मूल.