मणक्याच्या संधिवातातले हाडांचे मार्कर

मणक्यांना सूज आणणारा जो संधिवात असतो, म्हणजे अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस आणि त्याचे भाऊबंद, त्यात हाडाचं काय चाललंय हे कळावं म्हणून रक्तात जी प्रथिनं किंवा प्रथिनांचे तुकडे मोजतात त्यांना हाडांचे मार्कर म्हणतात. आजार बहुतेक वेळा विशी-तिशीत सुरू होतो, पहाटे पाठदुखीने जाग येते, उठल्यावर कंबर धरलेली असते, चाललं-फिरलं की सुटते आणि बसून राहिलं की परत धरते.

या आजारात एकाच मणक्यात दोन उलटी कामं चालू असतात, कडेने नवीन हाड वाढून शेजारच्या मणक्याला जाऊन चिकटतं आणि आतलं जाळीदार हाड मात्र विरळ होत जातं. म्हणून पाठ कडक होते पण मजबूत होत नाही, साध्या पडण्यानेही मणका मोडू शकतो.

मार्करही त्यामुळे दोन बाजूंचे. हाड बनतं तेव्हा कोलॅजनचे (हे हाडातलं मुख्य प्रथिन) कापून टाकलेले तुकडे रक्तात येतात, तो पी१एनपी, शिवाय हाडातलं अल्कलाइन फॉस्फेटेज आणि ऑस्टिओकॅल्सिन. हाड झिजतं तेव्हा सीटीएक्स-१ वाढतं, आणि कूर्चा झिजली की सीटीएक्स-२. तिसरा गट ब्रेकचा. स्क्लेरोस्टिन हाडाच्या आतल्या पेशी बनवतात आणि ते नवीन हाड बनायला अटकाव करतं, डीकेके-१ पण त्याच कामाचं. उंदरांवरच्या २००७ च्या एका प्रयोगात डीकेके-१ अडवल्यावर हाड झिजायच्या ऐवजी वाढायलाच लागलं, तेव्हापासून या दोघांवर खूप काम झालंय. पण पेशंटच्या रक्तात मोजायला गेलं की एका अभ्यासात पातळी कमी येते, दुसऱ्यात जास्त, त्यामुळे एका माणसाच्या रिपोर्टवरून त्याचा मणका पुढे शेजारच्या मणक्याला चिकटेल की नाही हे आज तरी सांगता येत नाही आणि तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

अडचण कुठे आहे तर रक्त हे अख्ख्या सांगाड्याचं मिळून येतं, मणक्याच्या कडेचं एवढंसं हाड त्यात हरवून जातं. शिवाय एक्सरेवरचा बदल फार हळू, मान आणि कंबरेच्या मणक्यांचे २४ कोपरे तपासून ० ते ७२ असा स्कोर देतात आणि त्यात फरक दिसायला साधारण २ वर्षं जातात, मग मार्कर खरा की खोटा हे ठरवायलाही तेवढीच वर्षं थांबावं लागतं.

रोजच्या कामात उपयोगी पडतो तो सीआरपी. तो हाडाचा नाही, सुजेचा मार्कर आहे, पण सतत वाढलेला राहिला तर पुढे हाड वाढायची शक्यता जास्त, त्यात सिगरेट असेल आणि एक्सरेत आधीच हाडाचे काटे दिसत असतील तर आणखी जास्त. मात्र बऱ्याच जणांचा सीआरपी दुखणं जोरात असतानाही नॉर्मल येतो, तेव्हा रिपोर्ट चांगला आला म्हणून पेशंटचं दुखणं खोटं ठरवू नये, घरच्यांनी तर नाहीच. एचएलए-बी२७ हा वेगळाच प्रकार, तो एक जनुक आहे, जन्मजात असतो, त्याचा या आजाराशी संबंध १९७३ मध्ये कळला. तो कमी-जास्त होत नाही, एकदा केला की झालं, परत परत करून पैसे घालवू नयेत.

पुण्यात सकाळी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो ती सोय चांगलीच, पण सीटीएक्स-१ करायचं असेल तर तो यायच्या आधी चहा-बिस्कीट झालेलं चालत नाही, खाल्लं की आकडा खाली येतो आणि दिवसभरातही तो बदलत राहतो, म्हणून उपाशीपोटी आणि दरवेळी साधारण त्याच वेळेला. लिव्हरच्या तपासणीत जे अल्कलाइन फॉस्फेटेज येतं ते लिव्हर आणि हाड दोन्हीचं मिळून असतं, ते वाढलेलं बघून लगेच मणक्याचा अर्थ काढू नये. ड जीवनसत्त्व फार कमी असलं तरी ते वाढतं, नुकतंच हाड मोडलं असेल तरी वाढतं.

हाड किती विरळ झालंय ते बघायला डेक्सा स्कॅन करतात, पण कडेने वाढलेलं हाड मोजमापात धरलं जातं आणि कंबरेचा आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून खुब्याचा आकडाही सोबत बघतात.