इत्सुकुशिमाच्या देवळातले बुद्ध कुठे गेले?

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर बोटीने जाताना सगळ्यांची नजर खिळते ती भरतीच्या पाण्यात उभ्या असलेल्या लाल तोरी कमानीवर. पण किनाऱ्यावर उतरलं की इथल्या इत्सुकुशिमा देवळाशेजारच्या टेकाडावरचा पाच मजली पॅगोडाही नीट बघावा. शिंतो म्हणजे जपानचा मूळ धर्म; मग शिंतो देवळाला खेटून बौद्ध पॅगोडा कसा?

कारण कित्येक शतकं इथे हे दोन धर्म वेगळे नव्हतेच. जपानी देवता म्हणजे बुद्ध-बोधिसत्त्वांनीच घेतलेली रूपं, अशी श्रद्धा होती. इत्सुकुशिमाची देवी हे अकरा मुखांच्या कान्नोनचं, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचं रूप मानलं जाई. (कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यात हाच अकरामुखी अवलोकितेश्वर कोरलेला आहे.) पुढे तीच देवी बेन्झाइतेन, म्हणजे सरस्वती म्हणूनही पुजली जाऊ लागली. 1164 मध्ये ताइरा नो कियोमोरी या बलाढ्य सरदाराने शिंतो देवीला अर्पण काय केलं, तर सोन्याचांदीच्या वर्खाने सजवलेल्या 33 पोथी-गुंडाळ्या, आणि त्यात मुख्य ग्रंथ सद्धर्मपुंडरीक हे बौद्ध सूत्र! कान्नोनची रूपंही 33च. पाण्यावरच्या देवळाला आजचं भव्य स्वरूप दिलं तेही कियोमोरीनेच.

पॅगोडा 1407 चा. त्याच्या बाजूचं सेन्जोकाकू हे प्रचंड दालन तोयोतोमी हिदेयोशी या जपानच्या सत्ताधीश सेनानीने 1587 मध्ये, लढायांत मेलेल्यांसाठी सूत्रपठण व्हावं म्हणून बांधायला घेतलं. 1598 मध्ये तो वारला आणि काम अर्धवट राहिलं. आजही आत उभं राहून वर पाहिलं की उघड्या तुळया दिसतात.

1868 मध्ये सम्राट मेइजीच्या नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध यांची फारकत करणारे हुकूम काढले. सम्राटाची सत्ता शिंतोच्या पायावर उभी करायची होती. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवळातल्या बौद्ध वास्तू तर पाडूनच टाकल्या. इत्सुकुशिमाचा पॅगोडा वाचला, पण आतली शाक्यमुनींची मूर्ती शेजारच्या दाइगान्जी मठात हलवली गेली. बेन्झाइतेनही तिथेच गेली. सेन्जोकाकूचं शिंतो देऊळ झालं.

म्हणून या बेटावर आज दिसणारं ‘निव्वळ शिंतो’ रूप फार जुनं नाही, हे मनात ठेवूनच ते बघायला हवं. देवळातून बाहेर पडताना दाइगान्जी लागतं. तिथे जरूर थांबावं. बेन्झाइतेनची मूर्ती एरवी पडद्याआड असते. तिचं दर्शन वर्षातून एकदाच, 17 जूनला होतं.