प्रोटॉन किरणोपचार

प्रोटॉन किरणोपचार : प्रोटॉन या धनभारित कणांचा वेगवान झोत गाठीवर सोडून कर्करोगाच्या पेशी नष्ट करण्याची पद्धत. रुग्णांच्या बोलण्यात ज्याला ‘लाईट घेणे’ म्हणतात, त्या रेडिएशनचाच हा एक प्रकार. पेशीतील डीएनए तोडण्याचे काम क्ष-किरणही करतात, प्रोटॉनही. फरक इतकाच, की क्ष-किरण गाठीतून आरपार जातात आणि प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो. त्यामुळे या उपचाराचा विचार करताना पहिला प्रश्न विचारावा तो हा : गाठीच्या मागे काय आहे?

नेहमीचे रेडिएशन देणाऱ्या लिनॅक यंत्रातील क्ष-किरणांची मात्रा त्वचेखाली दीड-दोन सेंटिमीटरवर सर्वाधिक असते. तिथून ती हळूहळू उतरत शरीराच्या पलीकडच्या बाजूपर्यंत पोहोचते. प्रोटॉनचे उलटे. वेगात असताना तो वाटेतल्या इलेक्ट्रॉनांजवळून क्षणात निघून जातो, ऊर्जा फारशी सांडत नाही. वेग मंदावला की प्रत्येक इलेक्ट्रॉनाजवळचा मुक्काम वाढतो, ऊर्जा भराभर जाते आणि अगदी शेवटच्या काही मिलिमीटरांत तिचा मोठा वाटा बाहेर पडतो. या टोकाला ‘ब्रॅग शिखर’ म्हणतात. त्यापुढे मात्रा जवळजवळ शून्य होते. ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर जातो, २३० दशलक्षचा सुमारे ३३. गाठ जाड असते, म्हणून वेगवेगळ्या ऊर्जांची शिखरे एकापाठोपाठ एक रचावी लागतात. असे केल्यावर गाठीच्या अलीकडची, त्वचेकडची मात्रा वाढते, हे सहसा सांगितले जात नाही. त्वचा लाल होणे, सोलवटणे प्रोटॉनमध्येही होते.

रॉबर्ट विल्सन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ साली ही कल्पना मांडली. १९५४ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे पहिल्या रुग्णांवर उपचार झाले. शरीरातील खोलवरच्या गाठींसाठी रुग्णालयाच्या आवारातले पहिले केंद्र मात्र १९९० साली, कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे उभे राहिले. एवढा काळ लागण्याचे एक कारण यंत्राच्या आकारात आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनापेक्षा १,८३६ पट जड. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात संशोधनासाठी वापरलेला रेस-ट्रॅक मायक्रोट्रॉन हा कणांना वेग देणारा त्वरक इलेक्ट्रॉनांना ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो. उपचारासाठी मात्र प्रोटॉनांना २३० दशलक्षपर्यंत, म्हणजे प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के वेगापर्यंत न्यावे लागते. त्यासाठी सायक्लोट्रॉन किंवा सिंक्रोट्रॉन यांसारखा मोठा त्वरक, जाड काँक्रीटच्या भिंती आणि रुग्णाभोवती फिरणारी शेकडो-हजारो क्विंटलांची गॅन्ट्री, म्हणजे झोत हव्या त्या कोनातून सोडणारी चौकट, लागते.

सर्वांत मोठा लाभ लहान मुलांना होतो. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात मेंदूसोबत संपूर्ण पाठीच्या कण्याला रेडिएशन द्यावे लागते. पाठीतून दिलेले क्ष-किरण थायरॉइड, हृदय, आतडी, मुलीचे बीजांडकोश या साऱ्यांतून जातात. आणि या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षे जगायचे असते. प्रोटॉन मणक्यापाशीच थांबवता येतो. तेथेही एक बारकावा आहे : वाढत्या वयात मणक्याचा अर्धाच भाग भाजला तर कणा वाकडा वाढण्याची भीती असते, म्हणून लहानग्यांमध्ये संपूर्ण मणका मुद्दाम मात्रेत घेतात. कवटीच्या तळाशी होणारा कॉर्डोमा (हाडातला एक दुर्मीळ कर्करोग), डोळ्यातील मेलॅनोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग), तसेच एकदा रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा उलटलेली गाठ, येथेही हा उपचार मोलाचा ठरतो. रक्ताचा कर्करोग किंवा शरीरभर पसरलेला आजार यांवर तो उत्तर नाही. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाबाबत २०२४ साली अमेरिकेत मांडलेल्या तुलनात्मक चाचणीत आधुनिक क्ष-किरणोपचार आणि प्रोटॉन यांत रुग्णांच्या जगण्याच्या गुणवत्तेत फरक आढळला नाही. ‘महाग ते चांगले’ या समजुतीने घर-दागिने मोडायला निघालेल्या कुटुंबाला हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

नेमके थांबणे हीच या कणाची दुखरी बाजूही आहे. सर्दीने नाकाच्या पोकळ्या भरल्या, वजन उतरले, आतड्यात वायू साठला, की प्रोटॉन वेगळ्याच खोलीवर थांबतो. म्हणून उपचार सुरू असताना सीटी स्कॅन पुन्हा काढतात. शिवाय झोताच्या टोकाशी जैविक परिणाम अधिक तीव्र असतो. ते टोक मेंदूच्या देठावर (मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या नाजूक भागावर) पडू नये याची काळजी घेतात.

भारतात चेन्नईचे अपोलो केंद्र जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाले. पुण्याला जवळचे म्हणजे खारघरचे, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन व उपचार संस्थेतील. तेथे २०२३ पासून रुग्ण घेतले जातात. द्रुतगती मार्गाने हे अंतर सुमारे १२० किलोमीटर. तरी रोज जाऊन-येऊन करणे कठीण. आठवड्यातून पाच दिवस, बऱ्याचदा सहा आठवडे सिटिंग चालतात. प्रत्यक्ष झोत मिनिट-दोन मिनिटांचा. वेळ जातो तो चेहऱ्याच्या मापाचा मास्क बसवून रुग्णाला मिलिमीटरच्या हिशेबात निजवण्यात. अगदी लहान मुलांना रोज भूल द्यावी लागते, म्हणजे रोज सकाळी उपाशीपोटी न्यायचे. तेव्हा खारघर-पनवेल भागात राहण्याची सोय आधी पाहावी. पुण्यात पूर्वी रेडिएशन झाले असेल, तर फाईलमधला कागदी सारांश पुरत नाही; कोणत्या भागाला किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) गेले हे दाखवणारी संपूर्ण योजना त्या रुग्णालयाकडून सीडीवर मागून घ्यावी. दुसऱ्यांदा किती देता येईल, हे त्यावरूनच ठरते.