दुपाखी पोर्च

घराच्या दारापुढं किंवा मागच्या अंगणात खांबांवर उभं केलेलं, आणि एका टोकाला घराच्या भिंतीला नाहीतर मूळ छपराला जोडलेलं दोन उतारांचं छप्पर म्हणजे दुपाखी पोर्च. मधे आढं (माथ्यावरची आडवी तुळई), दोन्हीकडं उतरणारी पाखी, समोरून बघितलं तर त्रिकोण. आपल्याकडं गावठाणातल्या जुन्या घरांना पडवी असते, पण तिथं बहुतेक वेळा घराचंच पाखं पुढं लांबवलेलं असतं त्यामुळे जोडाचा प्रश्न फारसा येत नाही. दुपाखीत तो येतोच, आणि माझ्या मते सगळं काम तिथंच ठरतं, पत्रा कुठला नि कलर कुठला हे नंतरचं.

जोड दोन तऱ्हेचा. सपाट भिंतीला लावायचं असेल तर आढ्याचं एक टोक भिंतीवर टेकतं, दुसरं पुढच्या कैचीवर, म्हणजे खांबांवरच्या त्रिकोणी सांगाड्यावर. इथं अँकर फास्टनर (भिंतीत पक्का बसणारा बोल्ट) नुसत्या विटेत किंवा प्लास्टरमधे मारून भागत नाही, तो काँक्रीटच्या बीममधेच गेला पाहिजे, कारण जूनच्या वादळी वाऱ्यात छप्पर वजनानं खाली येण्यापेक्षा खालून हवा शिरून उचललं जाण्याचीच भीती जास्त. (भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किमी.) मग भिंतीत उताराच्या रेषेत खाच मारून फ्लॅशिंगची पट्टी, म्हणजे जोडातून पाणी आत जाऊ नये म्हणून लावायची पत्र्याची पट्टी, आत घालायची. नुसतं सिलिकॉन फासलेलं एकदोन पावसाळे टिकतं, आमच्या ऐरोलीच्या घरी तर पहिल्याच जुलैत भिंतीवरून ओघळ आले होते.

दुसरी तऱ्हा म्हणजे घराच्या उतरत्या छपरावर नवीन दुपाखी चढवणं. यात दोन्ही छपरं मिळतात तिथं दोन घळी तयार होतात आणि दोघांचं पाणी तिथंच येतं, म्हणून त्या घळीत आधी रुंद पत्र्याची पन्हाळ बसवून मगच वरचा पत्रा किंवा कौलं घालतात.

पाण्याचा हिशोब करून बघा. १० बाय १२ फुटांच्या पोर्चवर तासाला १०० मिमी पाऊस पडला तर अकराशे लिटर पाणी, अर्धं या बाजूला अर्धं त्या बाजूला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी झाला, तेवढा याच छपरावर पडला तर साडेदहा हजार लिटर! नवी मुंबईत सिडकोच्या रो हाऊसमधे दोन्हीकडं शेजारी चिकटून, त्यामुळे पन्हाळ आणि खाली उतरणारा पाईप नसेल तर ह्या पागोळ्या थेट त्यांच्या अंगणात. म्हणून तिथं बरेच जण पुढं उतार असलेलं एकपाखी छप्परच घेतात आणि ते बरोबरच आहे. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधे वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी घरांना सामाईक भिंती ठेवल्या नाहीत, घर पुढं वाढवता यावं हीच कल्पना होती, तिथं दुपाखी सोपं जातं.

खांबांबद्दल एक गोष्ट फार कमी लोक बघतात. नवी मुंबईत खूप जमीन भरावाची आहे, घर आपल्या पायावर स्थिर असतं पण नवीन खांबाचा छोटा पाया नंतर थोडा बसतो, आणि सगळा ताण जोडावर येतो. म्हणून फ्लॅशिंग दोन भागांत करतात, वरचा भिंतीत, खालचा पत्र्यावर, एकमेकांवर नुसते चढलेले, म्हणजे छप्पर थोडं हललं तरी फट उघडत नाही. खाडीच्या खाऱ्या हवेत साधा लोखंडी पाईप लवकर गंजतो, गॅल्व्हनाईज्ड घ्यावा. स्क्रूचा रबरी वॉशर जास्त आवळला की चिरतो.

काम सुरू करण्याआधी महापालिकेची परवानगी लागते का ते बांधकाम विभागात विचारावं, मोकळ्या सोडलेल्या जागेत पक्कं छप्पर घातलं तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस येऊ शकते. आणि छप्पर झालं की मे महिन्यातच पाईपनं पाणी मारून बघायचं, पण खालून सुरू करून हळूहळू वर जायचं, एका जागी पाचदहा मिनिटं थांबत, म्हणजे कुठल्या उंचीला गळतंय ते नेमकं कळतं, एकदम आढ्यावर पाणी सोडलं तर सगळीकडूनच गळतंय असं वाटतं.